मदत हवी आहे: आइसलँडचे धबधबे, आईचे गुडघे आणि नऊ दिवस

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

मे अखेरीस आम्ही चौघं आइसलँडला जायचं म्हणतोय. मी, बायको, चौथीतली मुलगी आणि माझी आई (वय ६८). विमानप्रवास वगळून हातात नऊ दिवस. जायचं कारण एकच, धबधबे. नॉर्दर्न लाइट्स दिसणार नाहीत हे माहीत आहे, त्या दिवसांत तिथे नीट अंधारच पडत नाही.

"त्यापेक्षा केरळला जा" असं कुणी सांगण्याआधी सांगतो, जाऊन आलोय. एका टूर कंपनीबरोबर, ऑगस्टमध्ये. अथिरापल्लीच्या धबधब्याला बस लागली आणि टूर मॅनेजरने जाहीर केलं, "पंचवीस मिनिटं, फोटो काढा आणि गाडीत बसा." आई उताराच्या वाटेने हळूहळू निम्म्यात पोचली तोच शिट्टी वाजली. ती तशीच मागे फिरली. बसमध्ये अवाक्षर काढलं नाही. नाशिकला आल्यावर पुढच्या रविवारी म्हणाली, "मला सोमेश्वरला सोड आणि अंधार पडायच्या आत न्यायला ये." गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, त्यामुळे सोमेश्वरचा धबधबा भरून वाहत होता. मी न्यायला गेलो तर बाई कठड्याशी बसलेल्या, पदरावर तुषार, हातात मक्याचं कणीस, तेही दाणे केव्हाच संपलेलं. तेव्हाच ठरवलं की पुढचा धबधबा शिट्टीशिवाय बघायचा.

आता अडचण. मेहुण्याने हौसेने एक्सेल करून पाठवलंय. अख्खा रिंग रोड (आइसलँडला वळसा घालणारा रस्ता), म्हणजे तेराशेच्या आसपास किलोमीटर, आणि त्यात बावीस धबधबे. म्हणजे पुन्हा शिट्टीच, फक्त ती मेहुण्याच्या तोंडात.

मी वाचून काढलेला अंदाज असा. गुल्फॉस नक्की: ह्वीटा नदी आधी ११ आणि मग २१ मीटर अशी दोन टप्प्यांत कोसळते, आणि वरच्या गाडीतळापासून जवळच छान दिसते. स्कोगाफॉस ६० मीटर उंच, पायथ्यापर्यंत वाट सपाट. वर जायला पाचशेवर पायऱ्या आहेत, पण सप्तशृंगीला ट्रॉली झाल्यापासून आईने पायऱ्यांशी संबंध तोडलेत, तेव्हा खालूनच नमस्कार. सेल्यालांड्सफॉसच्या पडद्यामागून फिरता येतं, तिथे मुलीला नेणार. आईने समोरून बघायचं. स्वार्टिफॉसचा मला वैयक्तिक मोह आहे. काळ्या दगडाचे उभे खांब आणि मधून पाण्याची धार. शेवटी तोही बसाल्टच, आपल्या ब्रह्मगिरीचा भाऊ. आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला, त्यांचा अजून अधूनमधून बाहेर येतो. पण तिथे दीडेक किलोमीटर चढ आहे.

खरा पेच गोदाफॉसचा. नाव ऐकूनच आईने कान टवकारले. 'फॉस' म्हणजे धबधबा, आणि 'गोदा' म्हणजे देवांचा, गोदावरीशी काही संबंध नाही, हे मी समजावलं. वर कथाही सांगितली: इसवी सन १००० च्या सुमारास आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा तिथल्या थोरगेर नावाच्या प्रमुखाने घरातल्या जुन्या देवांच्या मूर्ती या धबधब्यात सोडल्या म्हणतात. आई म्हणाली, "म्हणजे विसर्जनच केलं की! मग मला तिथेच ने. बाकीचे नाही दाखवलेस तरी चालेल."

आणि हा नेमका उत्तरेला, आकुरेरी शहराजवळ. बाकी सगळे दक्षिणेला. उंची फक्त १२ मीटर. एवढ्यासाठी रिंग रोड करावा का? आणि मी नाशकात अंबडला रोज गाडी चालवत जातो म्हणून तिथे उजव्या बाजूने चालवू शकेन, हा माझा समज की गैरसमज? आई शाकाहारी आहे, तिच्या जेवणाचं काय करावं तेही सांगा.

कणसाळे

रिंग रोड विसरा. नऊ दिवसांत होतो, पण मग रोज नवीन खोली, रोज बॅगा. आकुरेरीला विमानाने जा. राजधानी रेक्याविकहून पाऊण तासाची फ्लाइट आहे. फक्त एक लक्षात ठेवा, ती शहरातल्या छोट्या विमानतळावरून सुटते, तुम्ही उतरणार त्या केफ्लाविकवरून नाही. आकुरेरीला दोन रात्री राहा, तिथूनच गाडी घ्या. गोदाफॉस तासाभराच्याही आत आहे. गाडीतळापासून चालणं थोडंच.

आणि १२ मीटरवर जाऊ नका. रुंदी ३० मीटर, घोड्याच्या नालेसारखा वळलेला. नाशकात गोदेला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागतं त्या दिवशीचा आवाज आठवा. मेअखेर बर्फ वितळत असतं, पाणी भरपूर. उलट देट्टीफॉस (४४ मीटर उंच, १०० मीटर रुंद) उत्तरेलाच आहे म्हणून मोहात पडाल, तो आईंना घेऊन करू नका. वाट खडबडीत, आणि तेव्हा बर्फही असू शकतं.

घाटमाथा७१

ड्रायव्हिंगबद्दल. उजवी बाजू दुसऱ्या दिवशी अंगवळणी पडते, वारा पडत नाही. गाडीचं दार उघडताना हाताने घट्ट धरायचं, नाहीतर वारा ते उलटं वाकवतो आणि भाडं देणारे त्याचे पैसे लावतात. पुष्कळ पूल एकाच गाडीपुरते, आधी पोचेल तो आधी. डांबरी रस्त्यावर ९०, खडीच्या रस्त्यावर ८०, त्यापुढे नाही. फोटोसाठी रस्त्यावर मध्येच थांबायचं नाही, आणि रस्ता सोडून गाडी घालणं हा तिथे गुन्हा आहे. कसारा घाटातली सवय इथेच ठेवून जा.

भाजणीवाली

स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, हॉटेलात रोज जेवलात तर दिवाळं निघेल. थालीपीठाची भाजणी, मेतकूट, खाकरे न्या. तिथे स्किर मिळतं, तो जवळजवळ आपला चक्काच. साखर आणि घरची वेलदोड्याची पूड घातली की श्रीखंड. नळाचं गार पाणी बिनधास्त प्या. गरम पाण्याला मात्र सडक्या अंड्याचा वास येतो, जमिनीतूनच येतं ते. माझ्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी अंघोळ करायलाच नकार दिला होता, आधीच सांगून ठेवा.

पावसाळी बेडूक

एवढ्या पैशांत दहा वर्षं दुगारवाडी आणि विहीगावच्या धबधब्यांना जाणं होईल.

धागाकर्ता

@पावसाळी बेडूक: होईल, पण मे महिन्यात तिथे नुसता कातळ दिसेल. आणि दुगारवाडीला तीन वर्षांपूर्वी शेवाळावरून घसरून मनगट मोडून घेतलंय, ते प्रेम जरा कमी झालंय.

@कणसाळे: विमानाचं डोक्यातच आलं नव्हतं. आता ठरलं: पहिले तीन दिवस रेक्याविक, त्यात एक दिवस गुल्फॉस. मग विमानाने आकुरेरी, दोन रात्री. परत येऊन दक्षिणेला स्कोगाफॉसच्या आसपास तीन रात्री, शेवटची रात्र विमानतळाजवळ. स्वार्टिफॉसला मी एकटा पहाटे जाऊन येईन, उजेड असतोच. आईसाठी बावीसचे चार झाले. मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.

@भाजणीवाली: वासाचं आईला सांगितलं. म्हणाली, वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात नाही का उतरलो आपण.

व्हिसा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) आहे, मोठ्यांना ९० युरो, मुलीला ४५, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा, एवढं कळलंय. अपॉइंटमेंटसाठी फेब्रुवारीतच बघायला लागतो. आता एकच उरलं. गोदाफॉसपाशी बसायला बाक आहे का, की इथून घडीची खुर्ची न्यावी? दोन तासांच्या खाली ती उठणार नाही.