प्रिंटएफला डबल दिला की लिनक्सवर बरोबर, ॲपल आर्म६४ आणि रिस्क-फाइव्हवर कचरा: चूक कुठे?

अर्धविराम
छोट्या भाषेचा कंपायलर आहे, बॅकएंड (मशीन कोड काढणारा भाग) स्वतःच लिहिलेला, एलएलव्हीएम हा तयार बॅकएंड नाही. सीमधली फंक्शन्स थेट बोलावता येतात. चाचणीसाठी प्रिंटएफला "%डी %एफ %डी" असा फॉरमॅट आणि पुढे ४२, ३.५, ७ देतो.

एक्स८६-६४ लिनक्सवर ४२ ३.५००००० ७ छापून येतं. आर्म६४ लिनक्सवरही तेच. ॲपलच्या आर्म६४वर तिन्ही आकडे भलतेच. रिस्क-फाइव्ह ६४ बिट, हार्ड-फ्लोट एबीआयवर (डबल फ्लोट रजिस्टरांतून देणारा, फंक्शन बोलावण्याचा नियम) ४२ बरोबर, मग ०.००००००, मग काहीही.

पूर्णांक पूर्णांकांच्या रजिस्टरात, डबल फ्लोटच्या रजिस्टरात, उरेल ते स्टॅकवर, अशी वाटणी करतो. साधी, ठराविक आर्ग्युमेंट्सची फंक्शन्स चारही ठिकाणी बिनचूक चालतात. एक्स८६वर एएल (किती फ्लोट रजिस्टरं वापरली ते सांगणारा बाइट) भरतो. प्रिंटएफच्या नावाने खास फाटे घालायचे नाहीत. दुरुस्ती नेमकी कुठे करू?

रजिस्टरवाला
लिनक्सच्या दोन्ही ठिकाणी ते चालतंय कारण तिथे ठराविक आणि व्हेरिॲडिक (प्रिंटएफसारखी, संख्या आधी न ठरलेली) आर्ग्युमेंट्सची वाटणी सारखीच असते. बाकी ठिकाणी तसं नाही. तुमचंच उदाहरण घ्या; फॉरमॅट सगळीकडे पहिल्या रजिस्टरात, प्रश्न पुढच्या तिघांचा.

आर्म६४ लिनक्स: ४२ डब्ल्यू१मध्ये, ३.५ डी०मध्ये, ७ डब्ल्यू२मध्ये.
ॲपल आर्म६४: तिन्ही स्टॅकवर, प्रत्येकाला ८ बाइटचा खण. एसपी (स्टॅक पॉइंटर) +०, +८, +१६. एकूण २४, पण एसपी १६च्या पटीत हवा म्हणून ३२ बाइट घ्या.
रिस्क-फाइव्ह: ४२ ए१मध्ये, ३.५चे बिट ए२मध्ये, ७ ए३मध्ये. व्हेरिॲडिक डबल एफए० वगैरेंत जातच नाही.
विंडोज एक्स६४: ४२ ईडीएक्समध्ये, ३.५ आर८ आणि एक्सएमएम२ दोन्हींत, ७ आर९डीमध्ये, शिवाय ३२ बाइटची शॅडो जागा (बोलावलेल्या फंक्शनसाठी स्टॅकवर राखलेली).

रिस्क-फाइव्हवरचं ०.०००००० यातूनच येतं. तुम्ही ३.५ एफए०मध्ये ठेवलात आणि ७ ए२मध्ये. प्रिंटएफने ए२ उचलून डबल म्हणून वाचलं. ७ हा बिट-नमुना म्हणजे शून्याला चिकटलेला डिनॉर्मल. मग %डीसाठी ए३, ज्यात तुम्ही काहीच ठेवलं नव्हतं. दुरुस्तीनंतर डीबगरमध्ये ए२ पाहा: ४००सी आणि पुढे बारा शून्यं दिसली की जमलं. बिट हलवायला एफएमव्ही.एक्स.डी वापरा, रूपांतराची सूचना वापरलीत तर पूर्णांक होऊन बसेल.

आता दुरुस्तीची जागा. आयआरमधल्या (कंपायलरच्या अंतर्गत मधल्या रूपातल्या) कॉलसोबत नुसती आर्ग्युमेंट्सची यादी नको. बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनची सही हवी: ठराविक किती, आणि व्हेरिॲडिक आहे का. मग वाटणी करणाऱ्या फंक्शनला प्रत्येक आर्ग्युमेंटचा प्रकार आणि "ठराविक की नाही" हे दोन्ही कळवा. फंक्शन व्हेरिॲडिक आहे हा झेंडा वेगळा जपा. ३२ बिट आर्म हार्ड-फ्लोट आणि विंडोज आर्म६४ यांच्यात व्हेरिॲडिक फंक्शनचे ठराविक डबलसुद्धा पूर्णांक रजिस्टरात जातात. रिस्क-फाइव्हवर ठराविक डबल एफए०मध्येच राहतो. एकाच झेंड्यावर भागवलंत तर यातलं एक तरी मोडेल.

व्हेरिॲडिक आर्ग्युमेंट्सची फ्लोटचा डबल, कॅरेक्टर-शॉर्टचा इंट ही बढती फ्रंटएंडमध्येच उरकून घ्या. बॅकएंडपर्यंत व्हेरिॲडिक फ्लोट पोचताच कामा नये.

सिग्फॉल्ट_साडेतीन
वरच्याला जोड. तुमच्या भाषेत लोक ओपन, एफसीएनटीएल, आयओसीटीएल यांची घोषणा तीन ठराविक आर्ग्युमेंट्सची म्हणून करतील. हे तिन्ही व्हेरिॲडिक आहेत. ॲपलवर ओपनचा मोड एक्स२मध्ये जाईल, फंक्शन तो स्टॅकवरून वाचेल, आणि फाइल भलत्याच परवानग्यांनी तयार होईल. एरर येत नाही, म्हणून हे उशिरा सापडतं.

एक्स८६-६४वर एएल ही नेमकी संख्या नसून कमाल मर्यादा आहे, ० ते ८. पण फंक्शन पॉइंटर आरएएक्समध्ये ठेवून कॉल करत असाल तर एएल भरताना पत्त्याचा शेवटचा बाइट उडतो. पॉइंटर आर११मध्ये न्या.

एक्झेकएलसारख्या (दुसरा प्रोग्राम चालू करणाऱ्या) व्हेरिॲडिक फंक्शनांना शेवटी साधा ० देऊ नका, पॉइंटरच्या रुंदीचा शून्य द्या. स्टॅकवर ३२ बिटच लिहिले तर वरचे ३२ बिट जुनेच राहतात.

अर्धविराम
कॉलची बाजू चारही ठिकाणी जुळली, आभार. आता व्हेरिॲडिक फंक्शन माझ्या भाषेतही लिहिता यावं म्हणून व्हीए_आर्ग (पुढचं व्हेरिॲडिक आर्ग्युमेंट वाचणारी क्रिया) करतोय. इंट, डबल ठीक. दोन लाँगचं १६ बाइटचं स्ट्रक्ट आलं की पुढचं सगळं सरकतं. शिवाय तीच व्हीए_लिस्ट (वाचन कुठवर आलं ते ठेवणारी यादी) व्हीप्रिंटएफला, म्हणजे अशी यादी घेणाऱ्या प्रिंटएफला, दोनदा दिली तर एक्स८६वर दुसऱ्यांदा चुकीचं येतं, ॲपलवर मात्र बरोबर.

रजिस्टरवाला
एकच पूर्णांक रजिस्टर उरलंय आणि १६ बाइटचं स्ट्रक्ट आलं, तर तीन ठिकाणी तीन तऱ्हा.

एक्स८६-६४: स्ट्रक्ट अख्खं स्टॅकवर, पण उरलेलं रजिस्टर मोकळंच, पुढचा इंट त्यात जातो. म्हणजे जीपी_ऑफसेट (व्हीए_लिस्टमधला, पुढचं पूर्णांक रजिस्टर दाखवणारा आकडा) वाढवायचा नाही.
आर्म६४ लिनक्स: स्ट्रक्ट स्टॅकवर आणि ते रजिस्टर कायमचं बाद. जीआर_ऑफ्स (इथला तसाच आकडा) ऋण असतो, एक ठराविक आर्ग्युमेंट असेल तर −५६पासून सुरू. त्यात १६ मिळवा, आधी परत लिहा, मग शून्याच्या वर गेला का ते तपासा. परत न लिहिता फाटा घेतलात की पुढचा इंट बाद रजिस्टरातून वाचला जातो. तुमचं सरकणं बहुधा हेच.
रिस्क-फाइव्ह: पहिला अर्धा ए७मध्ये, दुसरा स्टॅकवर. म्हणूनच ए१ ते ए७ येणाऱ्या स्टॅक आर्ग्युमेंट्सच्या अगदी खाली चिकटून साठवायचे. मधे फट राहिली तर स्ट्रक्ट तुटतं. फ्रेमची भरती ए१च्या खाली टाका. १६ची अलाइनमेंट लागणारे प्रकार, उदाहरणार्थ लाँग डबल, सम रजिस्टरापासून सुरू होतात: ए० फॉरमॅट, ए१ रिकामा, मग ए२-ए३.

व्हीए_लिस्टचं कारण वेगळं. एक्स८६-६४वर ती २४ बाइटच्या स्ट्रक्टचा एका घराचा ॲरे आहे, त्यामुळे व्हीप्रिंटएफला पॉइंटर जातो आणि तुमचीच यादी पुढे सरकते. ॲपलवर तो नुसता पॉइंटर, मूल्याने जातो. तिथे चालणं हा योगायोग समजा; पहिल्या कॉलआधी व्हीए_कॉपी करा आणि दुसऱ्याला ती प्रत द्या.

सिग्फॉल्ट_साडेतीन
चाचण्या उलटसुलट दोन्ही बाजूंनी ठेवा: तुमचा कॉलर आणि क्लँगने (तयार सी कंपायलरने) बांधलेलं फंक्शन, मग उलट. दोन्ही टोकं तुमचीच असतील तर दोघं मिळून चुकतात आणि चाचणी पास होते. नऊ इंट, नऊ डबल, आलटूनपालटून वीस, आणि ठराविक आर्ग्युमेंट्स १ ते ८ बदलत १६ व २४ बाइटची स्ट्रक्ट्स. आर्म६४ आणि रिस्क-फाइव्ह लिनक्स क्यूईएमयू या एम्युलेटरच्या यूजर मोडमध्ये चालतात. ॲपलसाठी खरं यंत्र लागेल. नसेल तर क्लँगला ते टार्गेट देऊन असेंब्ली काढा आणि एसपीवरचे स्टोअर तुमच्याशी ताडून बघा.