मदत हवी आहे: बहिणीच्या इन्स्टावरून घर गायब

आम्ही लालबागला चाळीत राहतो. टिकटॉक होतं तेव्हा धाकटी बहीण गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांसमोर बिनधास्त नाचायची. जून २०२० मध्ये त्यावर बंदी आली, ती इन्स्टावर गेली आणि गॅलरी गायबच झाली. आता फोटो कार्टर रोड नाहीतर काळा घोडा अशा मुंबईतल्या पॉश भागांत, कपडे मैत्रिणीचे, कॅप्शन इंग्रजीत. (आजोबा १९८२ च्या गिरणी संपातले. गिरणीच्या जागी झालेल्या मॉलमध्ये नात सेल्फी काढते!)

नटण्याला माझी ना नाही. पण परवा कॉलेजच्या मैत्रिणी घरी येतो म्हणाल्या, तर हिने आई आजारी असल्याचं सांगितलं. आई बाजूलाच भाजी निवडत होती. काही बोलली नाही.

'आमची लाज वाटते का' असं न विचारता विषय कसा काढू? कुणी स्वतः असं घर लपवलं असेल, तर प्लीज सांगा.