मदत हवी आहे: रिकाम्या घरात पोरगा पडला, खर्च कुणी द्यायचा?

शहापूरकर७२
मंडळी, तातडीचं आहे. रविवारी बेळगावच्या शहापुरातल्या एका रिकाम्या घरात बॉल आणायला शिरलेला पोरगा माडीवरून खाली पडला. मांडीचं हाड मोडलं, सळी घातलीय. कुणाला न विचारता आत गेला होता. खर्च कुणी द्यायचा? पोलीस केस होते काय? उद्या गल्लीतली चार माणसं बसणार आहेत, त्याआधी सांगा.

खानापूरचा दाजी
सोडू नका, मालकाला नोटीस द्या. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं मुलांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. १५१०० ला फोन लावा.

शहापूरकर७२
दाजी, मालक मीच की. घर आजोबांचं, आम्ही तिघं भाऊ वाटेकरी. दोघं पुण्याला, किल्ली माझ्याकडं.

अनगोळचा पाटील
घर रिकामं ठेवूच नये. १२ वर्षं कुणी कब्जा धरून बसला तर हातचं जातं. उताऱ्यावर तिघांची नावं चढवलीत काय? नसतील तर पहिलं ते काम करा.

वडगावची माई
पाटील, पोराचा पाय मोडलाय, उताऱ्याचं नंतर. शहापूरकर, पोराचं वय किती? कुलूप होतं की दार उघडं? माडी कुजलीय हे तुम्हाला आधी ठाऊक होतं काय?

शहापूरकर७२
वय ११. पुढं कुलूप आहे. परड्यातल्या दाराची कडी गेल्या पावसात निखळली, तेव्हापासून सुतळीनं बांधलंय. माडीच्या फळ्यांना वाळवी लागलीय, पाय ठेवला की खाली भुसा पडतो. पोरं आत जातात म्हणून शेजारच्या काकूंनी दोनदा सांगितलं होतं. दिवाळीनंतर सुतार बघू म्हटलं, राहून गेलं.

कोर्टात २० वर्षं
हे पहिल्यांदाच लिहायला हवं होतं. न विचारता शिरला म्हणजे गुन्हा झाला असं नाही. भारतीय न्याय संहितेच्या (फौजदारी कायदा) कलम ३२९ ला गुन्हा करायचा, धमकावायचा किंवा त्रास द्यायचा हेतू लागतो. शिवाय ७ ते १२ वयाच्या मुलाला समज नसेल तर कलम २१ नं गुन्हाच धरत नाहीत. उलटी तक्रार द्यायच्या नादाला लागू नका.
न विचारता आलेल्याबाबत मालकाची जबाबदारी पाहुण्यापेक्षा कमी असते, पण असते. बिहारात एकानं संडासाच्या वाटेवर उघडी विजेची तार लावली, शेजारची बाई शॉक लागून मेली. ती परवानगीशिवाय आली होती हा बचाव सुप्रीम कोर्टानं १९६३ साली मानला नाही, शिक्षा कायम राहिली. तुम्ही सापळा लावला नव्हता, हा मोठा फरक. पण पोरं येतात हे माहीत, फळ्या कुजल्यात हे माहीत आणि दाराला सुतळी. भरपाईच्या दाव्यात हेच अंगावर येईल.

निपाणीकर
एक पैसा देऊ नका. आमच्या तंबाखूच्या वखारीत असंच झालं, आम्ही ठाम राहिलो, प्रकरण मिटलं. पैसे दिले की चूक कबूल.

वडगावची माई
मिटलं म्हणजे तुमच्यापुरतं. त्या घरचं काय झालं हे विचारलंत काय कधी?

खानापूरचा दाजी
पोलिसांत गेलात तर कागद कन्नडात असतो. वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. आमच्या भावानं केली आणि दोन वर्षं फेऱ्या मारल्या. आपल्या भाषेत कागद मिळाला पाहिजे, हे किती वेळा सांगायचं!

अनगोळचा पाटील
दाजी, त्यासाठी वेगळा धागा काढा, मीही येतो.

शहापूरकर७२
दवाखान्यात जाऊन आलो. पाय दोरीला टांगलेला. मला बघून पोरगं म्हणालं, "काका, बॉल तिथंच आहे. आईला सांगू नका, मी दुसऱ्यांदा गेलेलो." बाहेर येऊन त्याच्या बापाला सांगितलं, ऑपरेशनचे पैसे मी देतो. उद्या सुतार येतोय, दार आधी. भाऊ म्हणतात, पुन्हा दावा करणार नाही असं लिहून घे.

कोर्टात २० वर्षं
मदत म्हणून, दोष मान्य न करता दिले असं लिहा. रक्कम, तारीख आणि दवाखान्याच्या बिलाची प्रत जोडा. 'दावा करणार नाही' मात्र घालू नका. मूल अल्पवयीन आहे, कोर्टाच्या परवानगीशिवाय बापाची तशी सही टिकणं कठीण. मुदतीचा कायदाही मुलाला सज्ञान झाल्यावर वेळ देतो.

शहापूरकर७२
बरं. साक्षीदार म्हणून शेजारच्या काकू चालतील काय? बोलावलं तर त्या येतील.