मदत हवी आहे: सोसायटीच्या २० किलोवॅट सोलरसाठी १५ दिवसांचा नियम पुण्यात प्रत्यक्षात चालतो का?

कोथरूडमधल्या सोसायटीत लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी २० किलोवॅटची, ग्रिडला जोडलेली यंत्रणा बसवायची आहे. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये, म्हणजे ३,६०,००० अनुदान बसतं. त्यासाठी पॅनेल देशी सेलचीच लागतात, हे माहीत आहे.

अडकलंय ते मंजुरीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीच नाही. त्याहून मोठ्या यंत्रणेसाठी वितरण कंपनीने १५ दिवसांत तपासणी करून कळवायचं, नाही कळवलं तर अर्ज मंजूर धरायचा. कागदावर छान! पण हे १५ दिवस मोजायचे कधीपासून? ऑनलाइन अर्जाच्या पावतीपासून, की त्रुटी दूर केल्याच्या तारखेपासून? आणि ‘मंजूर धरलं’ हे मीटर बसवायच्या वेळी दाखवायला नेमका कोणता कागद चालतो?

दुसरं, वीजजाळं सक्षम करायचा खर्च ५ किलोवॅटपर्यंत वितरण कंपनीचा. २० ला ट्रान्सफॉर्मर बदलायची वेळ आली तर तो भार सोसायटीवर किती आणि कशाच्या आधारे येतो?

लिफ्ट आणि पंपाचे मीटर वेगळे आहेत. आधी ते एक करून घ्यावेत, की नेट मीटरिंग (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होण्याची सोय) एकावरच घ्यावं? एकावर घेतलं तर दुसऱ्याचं बिल तसंच राहील, ही भीती.

टाकीची सावली दुपारी तीननंतर सहा पॅनेलवर येते. ती सहा वेगळ्या स्ट्रिंगवर (पॅनेलच्या साखळीवर), इन्व्हर्टरच्या स्वतंत्र एमपीपीटीला (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या भागाला) जोडणार आहोत, त्यामुळे तिथे प्रश्न नाही.

ज्यांनी गेल्या वर्षभरात हे केलंय त्यांनी कृपया तारखांसकट लिहावं.