शब्दचर्चा: ‘रेशियल इक्विटी’ला मराठीत काय म्हणावं?

खाडीपट्टा
दापोलीत पदवीच्या मुलांना परदेशी शिक्षणाचे अर्ज भरायला आम्ही काही शिक्षक मदत करतो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे इथली अनुसूचित जातीतली, नवबौद्ध घरांतली मुलंही आता अमेरिका-इंग्लंडचं नाव धीटपणे काढतात. तिथल्या विद्यापीठांची माहिती वाचताना ‘रेशियल इक्विटी’, म्हणजे वंशामुळे मागे राहिलेल्यांना न्याय्य संधी, हे सारखं समोर येतं: प्रवेशात, संशोधनात, नोकरीच्या संधींत. मुलांना इंग्रजीतून अर्थ लागतो. पालकांना मराठीत सांगताना मात्र मी ‘वांशिक समानता’ म्हणते आणि तिथेच अडते. परवा एका वडिलांनी विचारलं, “समानता म्हणजे सगळ्यांना सारखंच ना? मग वेगळं काय मागायचं?” प्रश्न रास्त होता. समता, समन्याय, समदृष्टी, यांतला कुठला शब्द घ्यावा?

पोथीनिष्ठ
शेअर बाजारातली इक्विटी म्हणजे समभाग, ती बाजूला ठेवा. कायद्याच्या परिभाषेत इक्विटीला ‘समन्याय’ हा शब्द रुळलेला आहे. नियम जसाच्या तसा लावला तर एखाद्यावर अन्याय होतो, अशा वेळी न्यायबुद्धीने केलेली तजवीज म्हणजे समन्याय. तुमच्या संदर्भात हाच अर्थ आहे. संविधानाच्या उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे, तिथे समानताच योग्य. ‘समदृष्टी’ बघणाऱ्याच्या मनाबद्दल सांगते, व्यवस्थेबद्दल काही सांगत नाही, म्हणून मी ती घेणार नाही.

हर्णैकर
समन्यायला माझं अनुमोदन. पण ताई, पालकसभेत त्याआधी एक शब्द मोडून काढा: ‘सवलत’. आपल्याकडे शिकलेली माणसंसुद्धा आरक्षणाला सवलत म्हणतात. सवलत एसटीच्या तिकिटात मिळते, देणाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि घेणारा उपकाराखाली येतो. मुलगा ‘सवलतीतून’ लागला असं एकदा गावात झालं की पुढे त्याने कितीही काम केलं तरी ते त्याच्या नावावर जमा होत नाही. हे मी माझ्याच पिढीत डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

अमेरिकेतही शब्दांची हीच ओढाताण आहे. १९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या आदेशात ‘अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन’ हा शब्दप्रयोग आला, तो सरकारी कंत्राटदारांच्या नोकरभरतीसाठी. म्हणजे सुरुवात नोकरीपासून होती. वंश, वर्ण न बघता माणसं घ्या आणि ते घडावं म्हणून स्वतःहून पावलं उचला, असा त्याचा अर्थ. १९७८ साली अ‍ॅलन बाकी (Bakke) नावाच्या उमेदवाराच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागांची ठरावीक संख्या नाकारली, पण प्रवेश देताना वंश हा अनेक बाबींपैकी एक म्हणून बघायला मुभा ठेवली. जून २०२३ मध्ये हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत तीही मुभा काढली. निकालाचा परिणाम अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात लगेच दिसला: आधीच्या काही वर्षांत नव्या तुकडीत कृष्णवर्णीय विद्यार्थी सरासरी १३ टक्के असत, २०२४ च्या तुकडीत ते ५ टक्क्यांवर आले. त्याच वेळी आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांचं प्रमाण वाढलं. पण भारतातून गेलेली आपली मुलं तिथल्या आकडेवारीत ‘आशियाई’ नव्हे, तर ‘आंतरराष्ट्रीय’ विद्यार्थी म्हणून मोजली जातात, हे पालकांना सांगायलाच हवं. मंडणगडच्या वाडीतून गेलेली मुलगी आणि मुंबईच्या बड्या इंटरनॅशनल शाळेतला मुलगा, दोघं एकाच रकान्यात.

एक दार मात्र उघडं आहे. वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडलं हे उमेदवाराने निबंधात लिहिलं, तर विद्यापीठ ते विचारात घेऊ शकतं, असं त्याच निकालपत्रात म्हटलंय. तेव्हा निबंध नीट लिहून घ्या.

सुरुबन
समन्याय ठीक. माझी अडचण ‘वांशिक’शी आहे. वंश हा शब्द आपल्याकडे सूर्यवंश-चंद्रवंशातला, घराण्याचा. ‘रेस’साठी तो वापरायला लागल्यावर जात आणि वंश यांची सरमिसळ झाली, आणि तिचा इतिहास तुमच्या दापोलीतच आहे.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिले. त्यांनी काढलेल्या संस्थेचं नाव ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’. त्या काळी आर्य-अनार्य ही भाषा सगळ्यांच्याच तोंडी होती. इंग्रजांनी ‘लढाऊ वंश’ असा एक सिद्धान्त उचलला, त्यात महार बसत नाहीत असं ठरवलं, आणि १८९२ च्या सुमारास त्यांची भरती बंद पडली. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनर सुभेदार-हवालदारांची घरं होती. पलटणीत शाळा असे, बढती असे, पगार वेळेवर मिळे. मुलांना तीच वाट मोकळी नाही म्हटल्यावर त्या घरांना काय वाटलं असेल! वलंगकरांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज लिहिला. रेस या कल्पनेने कोकणातल्या माणसाची नोकरी अशी थेट काढून घेतली होती. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली.

बाबासाहेबांनी मात्र जात म्हणजे वंश नव्हे, हे ठामपणे मांडलं. १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या भाषणात ते म्हणतात की जातिव्यवस्था ही एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे. म्हणून अमेरिकेबद्दल बोलताना वांशिक म्हणा, इथलं सांगताना जातीय विषमता म्हणा. दोन्ही एकाच पिशवीत घालू नका.

जुना खलाशी
संविधानाच्या कलम १६ मध्ये सरकारी नोकरीबाबत वंश, जात यांच्यासोबत ‘कूळ’ही आहे, जन्माने आलेलं घराणं या अर्थी. माझ्या आजीला कूळ म्हटलं की खोत आठवायचा. आम्ही खोताची कुळं. खोती गेली तरी आजी सातबाऱ्यावरचं नाव पुन्हा पुन्हा वाचून घ्यायची. जन्माचं कूळ आणि जमिनीचं कूळ आमच्या घरात वेगळं नव्हतंच. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याच्या मुलाला कॉलेजसाठी रत्नागिरीत खोली कुठून मिळणार?

रापणकार
आमच्या मालवणकडे हे सांगायला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढायची मासेमारी, पुरेशी आहे. दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो, ती समानता. पण जाळं आणि होडी ज्याची, त्याचा वाटा वेगळा निघतो. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जाळंच नाही, त्याने उन्हात हात सोलवटून घेतले तरी तो एका वाट्याचाच धनी. समान वाटणी झाली, तरी उद्याही जाळं त्याचं नाही. त्याला जाळं घेता येईल अशी सोय करणं, त्याला मी समन्याय म्हणेन. कॉलेज आणि पहिली नोकरी म्हणजे हे जाळं. मुंबईत नोकरी लागते ती ओळखीने, मामा-काकाच्या शब्दावर. ज्याचा मामाच कंपनीत कधी पोचला नाही, त्याचा बायोडेटा कोण पुढे सरकवणार?

खाडीपट्टा
सगळ्यांचे आभार. रापणकारदादा, तुमचं उदाहरण पालकसभेत जसंच्या तसं सांगेन. सुरुबन, मान्य: ‘वांशिक समन्याय’ अमेरिकेपुरतं ठेवते. वलंगकरांचं दापोलीशी नातं मुलांना सांगितलंच पाहिजे, आमच्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. एकच शंका उरते. ‘समन्याय’ नाम म्हणून ठीक आहे, पण विशेषण करायचं तर ‘समन्यायी प्रवेश’ कानाला खटकणार नाही ना?

पोथीनिष्ठ
नाही खटकणार. ‘समन्यायी पाणीवाटप’ दुष्काळी भागातल्या शेतकऱ्यांनी मोर्च्यांत म्हटलंय, कायद्याच्या भाषेतही ते आलंय. घाटावर पाण्याला चाललेला शब्द कोकणात प्रवेशालाही चालेल. फक्त ‘समन्यायिक’ करू नका.