कार्बन नायट्राइडच्या नमुन्यात हायड्रोजन दिसतो. संश्लेषण फसले आहे का?

प्रश्न:
कार्बन नायट्राइड बनवण्यासाठी मी ५ ग्रॅम मेलामाइन झाकणाच्या ॲल्युमिना क्रुसिबलमध्ये घेऊन मफल भट्टीत मिनिटाला ५ अंश या गतीने ५५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले आणि तिथे चार तास ठेवले. पिवळा, ठिसूळ गोळा मिळाला, पण वजन जेमतेम २.६ ग्रॅम भरले. एक्सआरडीमध्ये (क्ष-किरण विवर्तन चाचणीत) २७.४ अंशांवरचे शिखर ठळक आहे, १३ अंशांवरचे मात्र अगदी बारीक. कार्बन-नायट्रोजन अणुगुणोत्तर ०.७५ ऐवजी ०.६८ आले असून हायड्रोजन १.९ टक्के आहे. सूत्रात हायड्रोजनच नसताना हा नमुना शुद्ध कसा म्हणावा?

उत्तर १:
तुमचा नमुना बिघडलेला नाही. नाव फसवे आहे. तीन कार्बन आणि चार नायट्रोजन हे सूत्र पूर्ण जोडल्या गेलेल्या आदर्श जाळ्याचे आहे, आणि या पद्धतीने आपल्या हाती येते ते बहुतांशी मेलॉन, म्हणजे हेप्टाझीन या कार्बन-नायट्रोजनच्या तीन जुळलेल्या वलयांच्या एककाच्या साखळ्या, ज्यांच्यावर हायड्रोजन असलेले एनएच आणि एनएच-टू (अमिनो) गट शिल्लक राहतात. लीबिग यांनी १८३४ मध्येच या पदार्थाला मेलॉन हे नाव दिले होते. मेलॉनचे गुणोत्तर ०.६७ आणि हायड्रोजन दीड टक्का येतो. तुमचे आकडे त्याला लागूनच आहेत, उरलेला थोडा हायड्रोजन टोकांचे अमिनो गट आणि शोषलेले पाणी यांचा असावा. एफटीआयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) ८१० प्रति सेंटीमीटरच्या आसपासचा तीक्ष्ण पट्टा आणि ३००० ते ३३०० प्रति सेंटीमीटरमधला रुंद पट्टा एकत्र पाहा, म्हणजे खात्री पटेल. २७.४ अंशांचे शिखर थरांमधले सुमारे ०.३२५ नॅनोमीटर अंतर सांगते, तर १३ अंशांचे थरातली मांडणी. ती विस्कळीत असली की ते बारीकच राहते. शोधनिबंधात मात्र कृपया आदर्श सूत्र न लिहिता मोजलेले गुणोत्तरच द्यावे.

उत्तर २:
वजनाबद्दल सांगायचे तर, मेलामाइनचे मेलॉन होताना अमोनिया निघून जातो, त्यामुळे ५ ग्रॅममधून जास्तीत जास्त ४ ग्रॅमच मिळू शकतात. उरलेली घट मेलामाइनच्या संप्लवनाची, म्हणजे घनातून थेट वाफ होण्याची, असणार. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरा, भुरभुरीत थर दिसला का? तसे असल्यास झाकण घट्ट बसवावे. भट्टीतून अमोनिया बाहेर पडतो, म्हणून एक्झॉस्ट सुरू असल्याशिवाय ती लावू नये.

प्रश्नकर्ता:
झाकणाला पांढरा थर खरोखरच होता आणि तो मी निष्काळजीपणे पुसून टाकला. पुढच्या वेळी त्याचाही एफटीआयआर घेईन.