बॅक पॉकेटचा खेळाडूच चांगला फूटी कोच होतो का?

यारातीर

ऑस्ट्रेलियन फूटीत (ऑस्ट्रेलियाच्या स्वतःच्या नियमांच्या फुटबॉलमध्ये) कोच नेमायची वेळ आली की एक जुना समज हमखास वर येतो: बॅक पॉकेटमध्ये शोधा. मला तो आजही पटतो, म्हणून हा धागा.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: मैदानावर एका बाजूचे १८ खेळाडू असतात. बॅक पॉकेट म्हणजे आपल्या गोलच्या शेजारच्या कोपऱ्यातला बचावपटू. समोरच्या संघाचा चपळ, बुटका फॉरवर्ड (गोल मारणारा खेळाडू) अडवणं हे त्याचं काम. गोल त्याच्या नावावर लागत नाहीत, मथळ्यात तो येत नाही.

आता ही नावं बघा, कोच म्हणून जिंकलेल्या प्रीमियरशिपसकट (म्हणजे हंगामाची विजेतेपदं). टॉम हेफी, रिचमंड, ४ प्रीमियरशिप. डेव्हिड पार्किन, हॉथॉर्न १ आणि कार्लटन ३. केव्हिन शीडी, एसेंडन, १९८४ ते २००० मध्ये ४. डेनिस पेगन, नॉर्थ मेलबर्न, १९९६ आणि १९९९. मिक मॉल्टहाउस, वेस्ट कोस्ट २ आणि कॉलिंगवूड १. डेमियन हार्डविक, रिचमंड २०१७, २०१९, २०२०. सहा माणसं, २० प्रीमियरशिप.

कारणही साधं आहे. रोव्हर (मधल्या झटापटीतून चेंडू उचलणारा) गर्दीत शिरलेला असतो, त्याला चार-पाच मीटरपलीकडचं दिसत नाही. बॅक पॉकेटच्या समोर अख्खं मैदान उघडं असतं. चेंडू कुठून येणार, आपला कोण मोकळा राहिला, कोण चुकीच्या बाजूला उभा आहे, हे त्याला ओरडून सांगावं लागतं. म्हणजे खेळतानाच तो अर्धी कोचिंग करत असतो. शिवाय अंगात उपजत वेग किंवा उडी कमी असल्यामुळे प्रत्येक गोष्ट त्याने विचार करून बसवलेली असते. जे विचार करून बसवलं ते दुसऱ्याला शिकवता येतं.

गवतवाला

असहमत. ही यादी म्हणजे लागलेले बाण तेवढे मोजणं झालं.

मीही मोजतो. जॉक मॅकहेल, कॉलिंगवूड, ८ प्रीमियरशिप, खेळाडू म्हणून मैदानाच्या मधोमध. नॉर्म स्मिथ, मेलबर्न, १९५५ ते १९६४ मध्ये ६, जागा फुल फॉरवर्ड (समोरच्या गोलपुढचा खेळाडू). ली मॅथ्यूज, कॉलिंगवूड १९९० आणि ब्रिस्बेन २००१ ते २००३, खेळाडू म्हणून ९१५ गोल. अॅलिस्टर क्लार्कसन, हॉथॉर्न, ४, जागा स्मॉल फॉरवर्ड. तुमच्या सहा जणांच्या २०, माझ्या चौघांच्या २२. एकही बचावपटू नाही.

दुसरं म्हणजे, १८ पैकी सहा जागा बचावाच्याच असतात. कोच चिठ्ठ्या टाकून निवडले तरी दर तिसरा बचावातला निघेल.

यारातीर

मॅकहेल १९१२ ते १९४९ कोच होते. त्या काळी उंच आणि लांब किक मारायची, खाली जो तो आपल्या माणसाशी झुंजायचा. आजच्या कोचचं काम त्यापेक्षा फार वेगळं आहे. अलीकडचे विजेते कोच बघा: २००५ रूस, २००६ वर्सफोल्ड, २००७ आणि २००९ थॉम्पसन, २०१० मॉल्टहाउस, २०११ ख्रिस स्कॉट. २००८ चे क्लार्कसन सोडले तर सात वर्षांतल्या सहा प्रीमियरशिप माजी बचावपटूंच्या. खेळ झोनकडे (माणसाऐवजी जागा राखण्याकडे) वळला आणि बचाव कळणाऱ्यांचे दिवस आले.

मृण्मयी_फु

२०११ ला का थांबलात? २०१२ ते २०२५ ही चौदा वर्षं घ्या. हार्डविक ३, स्कॉट १ (२०२२), आणि हाफ बॅक व मिडफिल्ड दोन्हीकडे खेळलेले गुडविन १ (२०२१). उरलेल्या नऊ इतरांच्या: लाँगमायर, क्लार्कसन ३, बेव्हरिज, सिम्पसन, मॅक्रे, फॅगन २.

माझा मुद्दा मात्र जागांचा नाहीच. २०१६ ते २०२५ या दहा प्रीमियरशिपपैकी आठ कुणाच्या? बेव्हरिज, हार्डविक (३), सिम्पसन, मॅक्रे, फॅगन (२). हे पाचही जण क्लार्कसनच्या हाताखाली हॉथॉर्नमध्ये काम केलेले. हार्डविक २००५ पासून पाच वर्षं, फॅगन २००८ पासून नऊ वर्षं, मॅक्रे फक्त २०२१ चा एक हंगाम. एक बॅक पॉकेट, एक ३०६ सामने खेळलेला मिडफिल्डर, एक ब्रिस्बेनचा स्मॉल फॉरवर्ड, एक तीन क्लबांत मिळून ११८ सामने खेळलेला, आणि एक जण तर या पातळीवर एकही सामना न खेळलेला. पाच जणांच्या पाच तऱ्हा, शाळा एक.

तिथे काय शिकायला मिळालं तेही सांगते. २००८ मध्ये हॉथॉर्नने माणसाला माणूस लावणं कमी केलं आणि जागा राखायला सुरुवात केली. चेंडू जिकडे सरकेल तिकडे सगळी जाळी सरकते. यात एक जण दोन सेकंद उशिरा सरकला की भोक पडतं, समोरचा तिथून पास काढतो आणि मागचे सगळे एकदम कमी पडतात. गोल खातो फुल बॅक, चूक झालेली असते ८० मीटर पुढे, एखाद्या फॉरवर्डची. ती चूक फितीवर शोधायची, सोमवारी त्या फॉरवर्डला दाखवायची आणि गुरुवारपर्यंत त्याच्या पायात बसवायची. हे शिक्षकाचं काम आहे. बॅक पॉकेटला उभं राहून ते आपोआप येत नाही.

यारातीर

मृण्मयीताई, हॉथॉर्नचा मुद्दा जोरदार आहे, मान्य. पण तुमच्या उदाहरणातच माझा एक धागा सापडतो. क्लार्कसन आणि मॅक्रे दोघे स्मॉल फॉरवर्ड. स्मॉल फॉरवर्ड कुणाशेजारी उभा असतो? बॅक पॉकेटच्याच. दोघं एकाच कोपऱ्यातले, दोघं बुटके, आणि आज दोघांचं काम बरंचसं सारखं: दाब टाकणं, टॅकल करणं, चेंडू सुटण्याआधी वाट अडवणं. तर माझं म्हणणं सुधारून मांडतो: कोपऱ्यात खेळलेला, बेताच्या अंगभूत गुणांचा माणूस.

गवतवाला

मग जॉन लाँगमायरचं काय? १९९० चं कोलमन मेडल (हंगामात सर्वाधिक गोलचं), एका हंगामात ९८ गोल, उंचापुरा फुल फॉरवर्ड. ना कोपरा, ना बेताचे गुण. सिडनीला २०१२ मध्ये प्रीमियरशिप दिली.

मृण्मयी_फु

आणि त्याआधी नऊ वर्षं रूस यांच्या हाताखाली असिस्टंट होते. तेच तर म्हणतेय.

शिट्टी

ब्रिस्बेनचा इतिहास कुणी कसा काढला नाही? एकच क्लब, लागोपाठ दोन कोच.

२०१४ ते २०१६ जस्टिन लेपिच. सेंटर हाफ बॅक, २२७ सामने, खेळाडू म्हणून तीन प्रीमियरशिप. बचावाचा सिद्धांत खरा असता तर हाच आदर्श उमेदवार. २०१५ आणि २०१६ दोन्ही वर्षी संघ १८ पैकी सतरावा.

२०१७ पासून ख्रिस फॅगन. टास्मानियातलं फुटबॉल, पेशाने शिक्षक, एएफएलचा (देशातली सर्वोच्च लीग) एकही सामना नाही, नेमणुकीच्या वेळी वय ५५. पहिल्या वर्षी शेवटचा क्रमांक, २०१९ मध्ये दुसरा, २०२४ मध्ये सिडनीला ६० गुणांनी हरवून प्रीमियरशिप, २०२५ मध्ये पुन्हा. आपल्याकडे रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. शिकवण्याची कला खेळाच्या आकड्यांवर मोजायची नसते.

सांगलीकर

आचरेकर सरांबद्दल आदर आहेच, पण तुलना जुळत नाही. बारा वर्षांच्या मुलाचा बॅट धरायचा हात घडवणं वेगळं आणि तिशीतल्या पगारी खेळाडूला शनिवारच्या संघातून वगळून पुन्हा कामाला लावणं वेगळं.

ब्रिस्बेनचा प्रयोगही वाटतो तितका स्वच्छ नाही. फॅगन यांच्यासोबत फुटबॉल विभाग सांभाळायला डेव्हिड नोबल आले. चार्ली कॅमेरॉन आणि हॉथॉर्नचा माजी कर्णधार ल्यूक हॉज २०१८ मध्ये, लॅकी नील २०१९ मध्ये. नीलने पुढे दोन ब्राउनलो मेडल (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) मिळवली. लेपिच यांच्या हाती यातलं काही नव्हतं. आणि तेच लेपिच २०१७ मध्ये रिचमंडच्या असिस्टंटांत होते, हार्डविकच्या पहिल्या प्रीमियरशिपच्या वर्षी. म्हणजे त्यांना बचाव शिकवता येत नव्हता असं नाही.

शिट्टी

लेपिच यांच्याबद्दलचं पटलं. पण हार्डविकही बॅक पॉकेट असल्यामुळे जिंकले असं मग म्हणता येत नाही. २०१३, २०१४, २०१५ तिन्ही वर्षं फायनल्समध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्या) पहिल्याच सामन्यात बाहेर, २०१६ मध्ये तेरावे. क्लबने कोच बदलला नाही, भोवतालची माणसं बदलली. जिलाँगहून ब्लेक कॅरासेला आले. पुढच्याच वर्षी १९८० नंतरची पहिली प्रीमियरशिप.

गवतवाला

दोन्ही बाजूंना अडचणीचं ठरेल असं उदाहरण म्हणजे मायकेल व्हॉस. मिडफिल्डचा बादशहा, ब्राउनलो विजेता, तीन प्रीमियरशिप जिंकलेला कर्णधार. २००६ अखेर निवृत्त, आणि असिस्टंट म्हणून एक दिवसही न घालवता २००९ मध्ये थेट ब्रिस्बेनचा कोच. पहिल्या वर्षी फायनल्स, मग घसरण, २०१३ मध्ये हंगाम संपायच्या आत पद गेलं. त्यानंतर पोर्ट अॅडलेडमध्ये सात वर्षं असिस्टंट. मग कार्लटन, आणि २०२३ मध्ये प्रिलिमिनरी फायनल (उपांत्य सामना). माणूस तोच, खेळाची जागा तीच. मधली सात वर्षं तेवढी नवी.

बेंचवरून

नेमणूक करणाऱ्यांनी उमेदवाराला काय विचारावं, यावर बोलू या. माझ्या मते एकच प्रश्न पुरे:

दोन मिनिटं उरलीत, आपण ४ गुणांनी पुढे (एका गोलपेक्षाही कमी), पंच मैदानाच्या मधोमध चेंडू उडवून खेळ सुरू करणार. काय करशील?

जुना बचावपटू म्हणेल, एक जादा माणूस मागे टाकतो. चूक. २०१९ पासून सहा-सहा-सहाचा नियम आहे. मध्यभागी चेंडू उडवताना प्रत्येक संघाचे दोन्ही गोलांपुढच्या ५० मीटर कमानींत प्रत्येकी सहा, मधल्या चौकोनात चार आणि विंगवर (चौकोनाच्या बाजूंना) दोन असावेच लागतात. नियम मोडला तर समोरच्याला फ्री किक. म्हणजे जादा माणूस चेंडू उडाल्यावरच मागे न्यायचा. कोणता विंगर पळणार, त्याने चौकोनाच्या कोणत्या टोकाला उभं राहायचं, आणि चेंडू आपल्याला मिळाला तर तो परत कधी फिरणार, ही तिन्ही उत्तरं आधीच सरावात बसलेली हवीत. खेळ सुरू झाल्यावर निरोप पोचत नाही, कारण रनरला (कोचच्या निरोप्याला) गोल झाल्यावरच मैदानात जाता येतं. इंटरचेंजच्या (खेळाडू बदलण्याच्या) ७५ फेऱ्यांपैकी किती शिल्लक आहेत तेही डोक्यात हवं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये उधळल्या असतील तर दमलेला विंगर बदलता येत नाही.

जो हे उत्तर देता देता फळ्याजवळ जातो आणि विंगरला काय शब्दांत सांगणार ते शब्द बोलून दाखवतो, त्याला घ्या. तो कुठे खेळला ते नंतर विचारा.

यारातीर

प्रश्न उत्तम. तरीही मागचा माणूस हे चित्र लवकर पाहतो असं मला वाटतं, कारण सहा-सहा-सहा मोडल्याचा फटका आधी त्यालाच बसतो. पण मृण्मयीताईंना एक विचारायचं आहे. हॉथॉर्नची शाळा आणि शिक्षकी पेशा एवढंच पुरत असेल, तर ब्रेंडन बोल्टन का पडले? तेही टास्मानियाचे, तेही शिक्षक, तेही एएफएल न खेळलेले. २०१४ मध्ये क्लार्कसन आजारी असताना हॉथॉर्न सांभाळलं आणि पाचपैकी पाच सामने जिंकले. मग कार्लटनमध्ये ७७ सामन्यांत १६ विजय.

मृण्मयी_फु

रास्त प्रश्न. मग दोघांची पहिली दोन वर्षं शेजारी ठेवा. बोल्टन: ७ विजय, मग ६. फॅगन: ५ आणि ५. चव्वेचाळीस सामन्यांनंतर बोल्टन तीनने पुढे होते. तिसऱ्या वर्षी ब्रिस्बेनचे १६ विजय, कार्लटनचे २. सांगलीकरांनी दिलेली नावं इथे पुन्हा वाचा: नील त्याच तिसऱ्या वर्षी आला, हॉज एक वर्ष आधी. बोल्टन यांच्या हाताशी त्या काळात बहुतेक कोवळी पोरं होती. शिक्षक दोघंही होते. एकाला वर्गात मॉनिटर मिळाले.